होर्डिंगवरची आत्या

आत्याला मी पहिल्यांदा आभाळात पाहिलं तेव्हा रिक्षात अर्धवट पेंगत होते. वारज्याच्या पुलाजवळ रिक्षा सिग्नलला थांबली, मी डोळे उघडले, आणि समोर इमारतींच्या वर आत्या खिडकीशी बसलेली. गालावर सोनेरी ऊन. ती होर्डिंगवर होती आणि तिच्या मागे खरं आभाळ होतं, त्यात खऱ्या घारी फिरत होत्या. क्षणभर वाटलं, मी अजून झोपेतच आहे. ती माझ्याकडे पाहत नव्हती. रिक्षा, बसगाड्या, पाण्याचे टँकर, सगळ्यांच्या डोक्यावरून ती पलीकडे कुठंतरी पाहत होती. खाली वाक्य होतं : 'घरी कुणीतरी वाट पाहतंय.'

वाक्य माझं होतं. मी एका जाहिरात कंपनीत मराठी मजकूर लिहिते. घरांच्या जाहिराती आमच्याकडे सगळ्यात जास्त. इतकी वर्षं ते काम करून मला मराठीत एक दुसरी मराठी ऐकू यायला लागली आहे. 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणजे अजून डांबरी रस्ता झालेला नाही. 'निवडक कुटुंबांसाठी' म्हणजे किंमत विचारायच्या आधी बसून घ्या. हे लिहिणाऱ्याला कळतं, वाचणाऱ्यालाही कळतं, तरी दोघंही ते वाक्य गोड मानून पुढं जातात.

त्या प्रकल्पासाठी पांढऱ्या केसांची, घरातली वाटेल अशी बाई हवी होती. ज्या मॉडेल आल्या त्यांच्या केसांची पांढरी झाकसुद्धा ब्यूटी पार्लरमधली वाटत होती. मी आत्याचं नाव सुचवलं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. बुधवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, रोज मंडईत जाऊन भाजी आणते, दुपारी झोपत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "जन्मभर आवाजाची नोकरी केली. चेहरा कुणी मागितला नव्हता. चल, येते."

फोटो वारज्याच्या त्या बांधकामावर, नमुन्यादाखल सजवलेल्या फ्लॅटमध्ये काढला. बाहेर सगळीकडे सिमेंटची धूळ आणि आत मात्र एकच घर लख्ख, जणू कुणी स्वप्नात येऊन मांडून ठेवलं होतं. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांचे नुसते कणे चिकटवलेले. फळांच्या टोपलीतली फळं मेणाची. आत्यानं एक आंबा हातात घेतला, वास घेतला आणि परत ठेवला. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, नातू शाळेतून येतोय असं समजा. बाहेर बघा. हसायचं नाही हं, दात दिसायला नकोत."

आत्या बाहेर बघायला लागली. मी कॅमेऱ्याच्या मागं उभी होते, मला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. फक्त तिचा चेहरा बदलताना दिसला. ओठ घट्ट झाले, डोळ्यांत पाणी चमकलं, हनुवटी किंचित थरथरली. फोटोग्राफर श्वास रोखून फोटो काढत राहिला. मला वाटलं, हिला कुणीतरी आठवलं. कोण, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

होर्डिंग लागल्यावर आत्याची चैन झाली. मंडईतली भाजीवाली तिला मूठभर कोथिंबीर फुकट द्यायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "अहो, आपण तर मोठ्या झालात." आत्या म्हणाली, "हो ना, वीस फुटांची झालेय. जिन्यातून वर यायला त्रास होतो."

वर्षभरानं ते होर्डिंग उतरलं. मी विसरूनही गेले. मग एका सकाळी तिचा फोन आला. "मंडईपाशी ये. मी अजून एकदा लागलेय. पण ह्या वेळी मला काय झालंय ते कळत नाही."

मंडईतून बाहेर पडलं की समोरच्या इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर होर्डिंग होतं. तीच खिडकी, तीच आत्या. पण ऊन गेलं होतं. कुणीतरी सगळ्या फोटोवर निळसर राखाडी रंग चढवला होता. खिडकीतली कुंडी कापून टाकली होती, त्यामुळं आत्याच्या बाजूला नुसती मोकळी भिंत उरली होती. खाली लिहिलं होतं : 'किती दिवस एकटीनं वाट पाहायची?' आणि त्याखाली ज्येष्ठांच्या एका निवासाचा फोन नंबर. फोटोग्राफरनं फोटो पुढं विकला होता. ते वाक्य लिहिणारं माणूस माझ्यासारखंच कुठल्यातरी टेबलाशी बसलं असणार.

मी कितीतरी वेळ वर पाहत राहिले. चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा बदलली नव्हती, तरी ही बाई खचलेली होती. पहिल्या होर्डिंगवर तिच्या डोळ्यांतलं पाणी मायेचं होतं. इथं ते कुणी न आल्याचं होतं.

"आत्या," मी शेवटी विचारलं, "त्या दिवशी तू कुणाकडं बघत होतीस?"

"म्हशीकडं," आत्या म्हणाली.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका बाईनं लाल लुगडं वाळत घातलं होतं. वाऱ्यानं ते उडालं आणि चरणाऱ्या म्हशीच्या शिंगांत अडकलं. म्हैस बुजली नाही की पळाली नाही. डोक्यावर पदर घेतल्यासारखं ते लुगडं घेऊन ती नव्या नवरीच्या चालीनं रस्त्याकडं निघाली, आणि मागून ती बाई ओरडत. आत्या म्हणाली, "आणि तुमचा तो फोटोवाला सांगतोय, दात दाखवू नका! माझा जीव जायची वेळ आली होती."

आम्ही दोघी मंडईच्या दारात पिशव्या धरून इतक्या हसलो की लोक वळून पाहायला लागले. वर निळी आत्या तशीच बसली होती.

पण नुसतं हसून ते संपलं नाही. लोक आत्याशी वेगळं बोलायला लागले. कोथिंबीर आता गुपचूप, मान खाली घालून मिळायला लागली. शेजारच्या काकूंनी भाजीची वाटी आणून दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काही लागलं तर हक्कानं सांगा हं." आत्या म्हणाली, "लागेल ते मी आणते. हक्क तेवढा कुठं मिळतो ते सांगा." काकू तेही दुःखातच जमा धरून गेल्या.

आत्यानं त्या निवासाला फोन लावून आपण कोण ते सांगितलं. मी शेजारीच होते. पलीकडचा तरुण मॅनेजर फार अदबीनं बोलत होता.

"मॅडम, तुमच्या फोटोमुळं खूप चौकशा येतायत. लोक खूप कनेक्ट होतायत."

"कशाशी?"

"म्हणजे, तुमच्या एकटेपणाशी."

"तो माझ्याकडं नाहीये हो. तुमच्याकडंच राहिला असेल, बघा जरा."

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी बागेकडची खोली ठेवू का? खास सवलतीत."

आत्यानं फोन ठेवला. एवढी वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेली बाई, तिला आवाजातलं सगळं ऐकू येतं. म्हणाली, "मुलगा वाईट नाही. त्याला खरंच माझी काळजी वाटतेय. तेच जड जातंय."

पावसाळा सरत आला तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. मी संध्याकाळी गेले की आत्याचा टीव्ही चालू असायचा आणि ती दुसरीकडं बघत असायची. पूर्वी असं नव्हतं. एकदा कपबशा विसळता विसळता म्हणाली, "अगं, मला पण आता तो फोटो तसाच दिसतो. म्हैस आठवून बघते, पण म्हैस येत नाही. वाटतं, मी खरंच कुणाची तरी वाट बघत असणार आणि मलाच सांगितलं नसेल." तिनं कप उपडा ठेवला. "इतके लोक म्हणतायत म्हटल्यावर."

मी म्हणाले, "चल, ती खिडकी बघून येऊ."

त्या रविवारी दुपारी आम्ही वारज्याला गेलो. हवेत हलकं धुकट ऊन होतं. बांधकामाच्या जागी चार उंच इमारती उभ्या होत्या, बाल्कन्यांत कपडे, सायकली, तुळशी. आम्ही वॉचमनला मजला सांगितला, त्यानं आत्याकडं निरखून पाहिलं आणि काही न विचारता सोडलं. दार एका तरुण मुलीनं उघडलं. आत्याला पाहून तिचा हात तोंडावर गेला. वळून तिनं आत हाक मारली, "आई! अहो आई, लवकर या. त्या आल्यात!"

आतून तिच्या सासूबाई आल्या. आत्याच्याच वयाच्या, ठेंगण्या, हाताला कणीक लागलेली. वर्ध्याकडच्या गावातून मुलाच्या नोकरीमुळं पुण्याला आलेल्या. आत्याला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुमी खऱ्या हाय का?" त्यांनी विचारलं. "मले वाटे, ते चित्र कंपुटरवर काढलं असन."

आम्हाला बसवलं, चहा झाला. नमुन्याचा तो फ्लॅट त्यांच्या मुलानं घेतला होता. कपाटात आता औषधं, शाळेच्या वह्या आणि एक शिवणयंत्राचं झाकण. त्या सांगायला लागल्या, की मुलानं घरं दाखवायला गावाहून बोलावलं तेव्हा त्यांना पुण्याला यायचंच नव्हतं. बसमधून उतरल्या आणि पुलाजवळ त्यांना आत्या दिसली.

"म्या पोराले म्हनलं, घे बाप्पा इथंच घर. या बाईले इथं करमते."

"असं कशावरून वाटलं तुम्हाला?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"कशावरून म्हंजे? तुमी हासू दाबून राहिल्या होत्या ना." त्यांनी आपले ओठ घट्ट मिटून दाखवले. "आमच्या घरी सासऱ्यासमोर हासाची सोय नव्हती. आमी जावा-जावा अशाच चुलीमोरं बसत जावो. डोळ्यांत पानी, तोंडातून आवाज नाही. दाबलेलं हासू मले कोसावरून समजते. काय पायलं व तुमी खिडकीतून?"

आत्या सांगायला लागली. लुगडं वाऱ्यावर उडालं इथपर्यंत नीट सांगितलं, म्हैस निघाली तिथं तिला पुढं बोलता येईना. त्या बाई तर जमिनीवरच बसल्या. सून दारात उभी राहून दोघींकडं पाहत होती, आधी गोंधळलेली, मग तीही हसायला लागली. बराच वेळ त्या खोलीत कुणीच धड वाक्य बोललं नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मोकळ्या प्लॉटवर पार्किंग झालं होतं. गाड्यांच्या काचांवर ढग हळूहळू सरकत होते.

निघताना त्या बाईंनी आत्याचा हात धरला आणि विचारलं, "पन घरी कोनी हाय ना तुमाले?"

मला वाटलं, आता ती काहीतरी तिरकस बोलणार. "नाही," ती म्हणाली. "एकटीच असते. दिवसा काही वाटत नाही. तिन्हीसांजेला कधी कधी वाटतं."

इतकं सरळ तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. निळ्या होर्डिंगनं सगळंच खोटं सांगितलं नव्हतं तर. पण लोक वाट्या घेऊन आले, विचारलं मात्र कुणी नव्हतं.

"मले भर दुपारी वाटते," त्या म्हणाल्या. "पोरं हापिसात गेली का. तवा मंग दुपारी तुमी इकडं या, नाहीतर मी येते तिकडं."

त्यानंतर त्या खरंच यायला लागल्या. मंडईत आत्याबरोबर फिरायच्या, वांग्यांना नावं ठेवायच्या, आमच्याकडची मिरची म्हणजे काय ते भाजीवालीला ऐकवायच्या. मंडईसमोरचं होर्डिंग मुदत संपेपर्यंत तिथंच होतं. त्याखालून दोघी जायच्या तेव्हा त्या बाई वर न पाहता आत्याला कोपरानं ढोसायच्या.

ऑफिसात मी अजून तेच काम करते. लिहिलेलं वाक्य आता एकदा फोटोवरून काढून बघते, आणि फोटोतला माणूस तेवढ्यात कुणीतरी दुसराच झालेला दिसतो. मग वाक्य परत ठेवते, कारण ते तर ठेवावंच लागतं.

परवा मी आणि आत्या वारज्याहून बसनं परत येत होतो. संध्याकाळ होती, बस हळू चालली होती, आणि दोन्ही बाजूंना चेहरे येत जात होते. कुणी दागिने घातलेली, कुणी डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला, कुणी हात जोडून वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारा. आत्या खिडकीशी बसली होती. तिनं एक डोळा मिटला, तळहात काचेसमोर असा धरला की खालची अक्षरं झाकली जातील, आणि एकेका चेहऱ्याकडं पाहायला लागली.

"हिला बूट चावतोय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "ह्याला चहा हवाय."

पुढच्या चेहऱ्याकडं ती वाकून पाहायला लागली. सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीतली कोवळी नवरी होती, मेंदी लावलेली. बस सिग्नलला थांबलेली होती.

"ही कुणाकडं बघतेय गं?" आत्यानं विचारलं.

मीही एक डोळा मिटला आणि बघायला लागले.