मोडलेला रोट

कानबाईवर तुमची श्रद्धा आहे का, असं कोणी विचारलं तर मी आजही चटकन हो म्हणत नाही. नरोलीत आमच्या चाळीशेजारी दर गुरुवारी भजनाला बसणारे लोक बरेच दिवस मागे लागले आहेत, तुमचा अनुभव लिहून द्या म्हणून. मी टाळत आलो. अनुभव लिहिणाऱ्यांच्या गोष्टीत शेवटी सगळं गोड होतं, घर भरतं, रुसलेले परत येतात. माझ्या गोष्टीत तसं झालं नाही. देवीनं दिलं, पण देताना दुसऱ्या हातानं इतकं काढून घेतलं की आभार मानायला बसलो की आधी भांडणच सुचतं. तरी लिहितो आहे, कारण जे मिळालं ते माझ्या अकलेनं मिळालं नाही एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मी सातवीतून शाळा सोडली. वडील गेले होते, आणि खानदेशातल्या आमच्या गावात शेतीवर भागत नव्हतं. गावचा एक जण सिल्वासाकडे धाग्याच्या कंपनीत लागला होता, त्याच्या मागोमाग मीही आलो. मशीनवरची भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची, हे माझं काम. नरोलीत पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली, पुढे लग्न झालं. आई मात्र गावीच राहिली, वडिलांचे थोरले भाऊ आबा यांच्या एकत्र घरात. धाकटी बहीण शोभा हुशार निघाली. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली आणि नोकरीसाठी माझ्याकडे आली. आमच्याच कंपनीच्या लॅबमध्ये धाग्याचे नमुने तपासायला लागली. ती पांढरा कोट घालून गेटातून आत जायची तेव्हा मी मुद्दाम मागे थांबून बघायचो.

मग मला कावीळ झाली, जिवावरची. सरकारी दवाखान्यात शोभा माझ्या खाटेशी बसून असायची. तिथल्या नर्स कशा काम करतात ते ती बघत राहिली, आणि मी घरी आल्यावर एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, मला धागा नाही तपासायचा आता. मला माणसं तपासायची आहेत." मला वाटलं चार दिवसांचं वेड असेल. पण तिनं वाचनालयातून माहिती काढली, लॅबमधल्या साहेबांना विचारलं, परदेशी पत्रं घातली. एकदा पदवी झालेल्यांना नर्सिंगची दुसरी पदवी घेता येईल अशा दोन शाळांतून तिला बोलावणं आलं. एक अमेरिकेतल्या मोठ्या शहरातली, तिचा एजंट वापीत बसायचा. दुसरी इंग्लंडमधल्या एका लहान गावातली. खर्चाला लॅबचे साहेब आणि आमचे मामा उभे राहिले, ती काळजी नव्हती. काळजी ही की यातली कुठली?

आणि ते माझ्यावर आलं. वडिलांच्या जागी मीच. दोन्ही शाळांच्या चकचकीत पुस्तिका इंग्रजीत होत्या, मी नुसती चित्रं बघायचो. अमेरिकेच्या शाळेची इमारत काचेची, पायऱ्यांवर हसणाऱ्या मुली. इंग्लंडच्या शाळेची इमारत विटांची, काळपट, वर ढग. साहेब म्हणाले, "अरे, अमेरिका ती अमेरिका." एजंट म्हणाला, "भाई, किस्मत खुद चलकर आयी है." शोभा म्हणायची, "मला इंग्लंडचं बरं वाटतं, पण का ते सांगता येत नाही. तू सांगशील तसं." तिच्या त्या 'तू सांगशील तसं'नं माझी झोप उडाली. चुकीच्या शाळेत गेली तर वर्षं फुकट, लग्नाचं वय निघून जाणार, लोक तोंडावर हसणार, आणि तिला पुन्हा दुसरीकडे धाडायची माझी ऐपत नाही. मशीनवर मी काढलेली भरली बॉबिनच परत लावायला लागलो.

श्रावण आला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, लुगडं लेववून देवी करतात, तिच्यापुढे रोट ठेवतात. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे, आणि त्या पिठाच्या गूळ-पुरणाच्या जाड पोळ्या करायच्या, तो रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला त्याचा कणही द्यायचा नाही, उरला तर पौर्णिमेच्या आत संपवायचा, नाहीतर नदीत सोडायचा. परातीत ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा, इतकं सरळ. त्या साली कंपनीनं मला रजा दिली नाही. म्हणून आबा स्वतः गावाहून आले आणि नरोलीच्या खोलीत त्यांनी देवी मांडली. आमच्यासाठी ते एवढ्या लांब आले, हे मी विसरलेलो नाही.

गहू मोजताना शोभाच्या नावाची मूठ घालून ते हसले. "घे पोरी, ही तुनी शेवटची मूठ. लगन हुई ते जाशी, नही ते इमानमा बशीसन जाशी. आम्हनी परात ते रिकामीच." नर्सिंगचं त्यांना पटलेलं नव्हतंच. "दुसऱ्यानी घाण काढाले बी.एस्सी. कशाले लागस?" असं त्यांनी आल्या आल्या ऐकवलं होतं. शोभा म्हणाली, "आबा, तुमची पण काढीन, म्हातारे झालात की." त्यावर ते खो खो हसले. असे होते आबा, तोंडानं तिखट आणि मनानं दिलदार. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

कौल लावायचं मीच सुचवलं. मला ते ओझं खाली ठेवायचं होतं. संध्याकाळच्या आरतीनंतर आबांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं अमेरिकेचं, डावं इंग्लंडचं. सगळे हात जोडून बसलो. उजवं फूल पडलं. माझ्या अंगातून वारं निघून गेल्यासारखं झालं, सुटलो एकदाचा. आबांचा तर नूरच पालटला. "अमेरिका!" ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, आते गावमा सांगसू, आम्हनी पोर अमेरिकाले चालनी, कानबाईनी धाडी." शोभा देवीकडे बघत राहिली.

सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन टेम्पोनं अथालच्या पुलापाशी गेलो. दमणगंगा भरून वाहत होती. विसर्जन झालं, आरती झाली, आणि आम्ही काठावर दही-रोट खायला बसलो. तेवढ्यात पुलाच्या बाजूनं एक म्हातारी बाई आली. फ्रॉक घातलेली, जाड चष्मा, खांद्याला पिशवी. तिची रिक्षा पुलापाशी बंद पडली होती, हे नंतर कळलं. चार पावलं चालून ती मटकन खाली बसली. हवा गार होती, पण तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात लटलट कापत होते. मी म्हटलं, बाई, काय होतंय? ती गुजरातीत काहीतरी भलतंच बोलली, जीभ जड झालेली. शोभा धावली. पिशवी उघडी पडली होती, तीत सुई आणि औषधाची बाटली दिसली. "भाऊ, साखर कमी करायचं इंजेक्शन घेऊन निघालीय ही, पोटात काही नाही. गोड पाहिजे. लगेच."

आजूबाजूला ना दुकान, ना टपरी. टेम्पोवाला आम्हाला सोडून डिझेल भरायला गेलेला. गोड म्हणून एकच वस्तू होती. शोभानं माझ्या पानातला रोट उचलला.

"ठेव खाले!" आबा ओरडले. "रोट बाहेरनाले चालत नही! देवी आते पाण्यामा गई, आणि तू..."

"आबा, ती मरेल."

"साखर लई ये कोठून तरी. रोट नही."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'तू सांगशील तसं' नव्हतं. तिनं रोट मोडला, पुरण बोटांनी सैल केलं आणि बाईच्या गालाशी थोडं थोडं लावत राहिली. मी बाईची मान धरली. मी का धरली, मला माहीत नाही. विचार करून धरली असती तर बहुतेक धरली नसती.

हळूहळू बाईचा घाम ओसरला, डोळे जाग्यावर आले. उरलेला तुकडा तिनं स्वतःच खाल्ला. म्हणाली, "डीकरी, शुं छे आ? बहु मीठुं." म्हणजे पोरी, हे काय, फार गोड आहे. मग शोभाचा हात हातात धरून, मोडक्या मराठीत, "तू नर्स छे?" शोभा म्हणाली, अजून नाही, आता जायचं आहे, अमेरिकेला. बाई एकदम ताठ बसली. तिनं आयुष्यभर नर्सिंगच्या मुली शिकवल्या होत्या, काही वर्षं परदेशातही. आता निवृत्त, नरोलीत भावाकडे निघालेली. तिनं शोभाला असे प्रश्न विचारले, जणू परीक्षाच घेते आहे. तिथली परीक्षा देऊन नोंदणी मिळते का? तुझी बी.एस्सी. धरतात का? शिकायला वॉर्ड कुठला? शोभाला अमेरिकेच्या शाळेचं नाव सांगता आलं, वॉर्ड सांगता आला नाही. बाईनं नाव ऐकून मान हलवली. "ए तो आयाचा कोर्स छे, डीकरी. सर्टिफिकेट मिळेल, नर्स नाय होणार. माझी एक विद्यार्थिनी रडत पाछी आली." मग इंग्लंडची शाळा विचारली. तिथं शाळेला लागून इस्पितळ होतं, पदवी धरून वर्षं कमी होत होती. बाई म्हणाली, "तो मग तू इथे बसून शेनो विचार करते?" आणि हसली. टेम्पो आल्यावर तिला आम्ही नरोलीत तिच्या भावाच्या दारात सोडलं. गडबडीत तिचं नावही विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात गेलो तर घराला कुलूप, भाऊ-बहीण दोघं कुठल्या नातेवाइकाकडे कायमची गेली असं शेजारी म्हणाले.

मी त्याच दिवशी खोलीवर आबांना सांगितलं की शोभा इंग्लंडला जाईल. त्यांनी आपली पिशवी भरायला घेतली. मग अहिराणी सोडून शुद्ध मराठीत बोलले, परक्याशी बोलावं तसं. "देवीनं कौल दिला, तो तू एका रस्त्यावरच्या बाईच्या शब्दावर मोडला. आणि देवीचा रोट त्याच बाईच्या तोंडात घातला. आता परात तुझी तू बघ." मी म्हटलं, "आबा, कौल तुम्ही-आम्ही लावला होता. बाई कोणी धाडली?" आपल्या वाटणीचा रोट तसाच पानात ठेवून ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. माझ्या बायकोनं तो झाकून ठेवला, येतील म्हणून.

शोभा गेली. नर्स झाली. सिल्वासाच्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा, तेव्हा मागून पावसाचा आवाज यायचा असं मला उगाच वाटायचं. त्याच बूथवर एकदा वापीचा एक गृहस्थ भेटला. त्याची मुलगी एजंटच्या त्या शाळेत गेली होती. तो रिसीव्हर धरून नुसता "तू आवी जा, बेटा, तू आवी जा" एवढंच, परत ये म्हणून विनवत होता. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. त्याच्या जागी मी असतो. दोन फुलांतलं एक पडलं होतं, आणि मी सुटलो म्हणून खूश झालो होतो.

पण आबांनी शब्द खरा केला. गावच्या परातीत आमच्या नावाच्या मुठी पडेनाशा झाल्या. लग्नाकार्याला बोलावणं येईना. आईला मी नरोलीला आणायचं म्हटलं, तिनं घर सोडलं नाही. तिचं दुखणं मला कळवलं नाही, आणि ती गेल्याचंही कळवलं ते अग्नी दिल्यानंतर. मी पोचलो तेव्हा राख गार झाली होती. शोभाला रजा मिळाली नाही. त्या दिवशी ती तिकडे दुसऱ्या कोणाच्या तरी आईच्या उशाशी बसली असणार. काकू, म्हणजे आबांची बायको, मला मागच्या दाराशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, दर साली मूठ मोजताना तुनी माय म्हने, मनी मूठ मना पोरना नावनी टाका. सव्वामानी वरनी पाव तेवढी मनी ऱ्हाऊ द्या." आबांना ते ठाऊक होतं. ते तेवढं खपवून घेत होते.

मी देवीशी खूप भांडलो. द्यायचंच होतं तर नीट का दिलं नाहीस, फूल तरी खरं का पाडलं नाहीस? हळूहळू एवढंच कळलं की मी तिच्यापुढे फुलं लावून तिला माझ्या दोन पर्यायांत बसवत होतो, आणि ती नदीकाठी घाम पुसत बसली होती, भुकेली. ओझं खाली ठेवणं म्हणजे तिच्यावर ढकलणं नव्हे. हात पुढे करायची वेळ आली तेव्हा हात पुढे झाला, तेवढंच तिचं, आणि तेवढ्यापुरता मी तिचा. बाकीचं जे झालं ते माणसांनी माणसांना केलं. ते सोसायचं, आणि तिचं देणं नाकारायचं नाही.

आता दर श्रावणात खोलीतच देवी बसते. मी मुठी मोजतो: बायकोची, माझी, शोभाची, आईची, नाव माहीत नसलेल्या त्या बाईची. मेलेल्यांची मूठ घेत नाहीत, परक्यांची घेत नाहीत, मला ठाऊक आहे. दारात जो येईल त्याला रोट देतो. शेजारचा ओडिया पोरगा आवडीनं खातो, घरमालक मागून नेतो. शेवटची मूठ आबांची. त्यांचा रोट वेगळ्या पानात झाकून ठेवतो आणि पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. मग अथालच्या काठावर जाऊन, जिथं तो पहिला रोट मोडला होता तिथं, पाण्यात सोडतो. हात जोडतो. कानबाई आई, तू दिलंस ते मला पुरलं. या पानाला मात्र माणूस धाड.