काकूंनी वळवलेली बस

दिल्ली बघायला आलेल्या मराठी माणसाचा एक वेळ लाल किल्ला चुकेल, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या तावडीतून तो सुटणं अशक्य! सुभेदाराची ही बायको नवरा गेल्यावर फरीदाबादला मुलाकडे आली आणि महिन्याभरात अख्ख्या सोसायटीची कमांडर झाली. कुणाकडे पाहुणे आले की यांना वासानंच कळतं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत पाहुणे काकूंच्या मागोमाग कारखान्यांमागच्या वस्तीत निघालेले असतात. तिथं बिहार, ओडिशा, बंगालकडच्या बायका आपापल्या गावचं जेवण रांधून वाढतात आणि त्या कमाईवर वस्तीतलं पाळणाघर चालतं. "कुतुबमिनार बघून मान दुखते, इथं बघून पोट भरतं. आपलंही, त्यांचंही!" हे काकूंचं पर्यटनशास्त्र.

गेल्या हिवाळ्यात पाहुणे आटले आणि पाळणाघर बंद करायची वेळ आली. पोरांना सांभाळायला कुणी नसेल तर आयांनी कारखान्यात जायचं कसं? नेमकी त्याच आठवड्यात माझी पुण्याची आत्या ज्येष्ठांच्या सहलीबरोबर आली. चाळीस जण! आग्र्याहून दिल्लीला जाताना दुपारी त्यांची बस आत्याची नि माझी भेट होण्यापुरती आमच्या हायवेवर पाच मिनिटं थांबणार होती. काकू माझ्याआधी बसमध्ये चढल्या आणि थेट ड्रायव्हरशेजारी बसल्या. "चलो भैया, लेफ्ट ले लो!" तो पलटणीतला आवाज ऐकून त्यानं मुकाट्यानं बस वळवली. टूर मॅनेजरला त्यांनी विचारलंही नव्हतं. वस्तीत चाळीस पानांचा स्वयंपाक मात्र सकाळीच सांगून ठेवला होता.

"अहो, आम्हाला करोल बागेत खरेदी करायचीय!" एक निवृत्त हेडमास्तर गरजले.

"करोल बाग कुठं पळून जातेय?" काकू म्हणाल्या.

हेडमास्तर रुसून बसमध्येच बसले. बाकीचे कुरकुरत उतरले, पानांवर बसले, आणि निखाऱ्यावरून काढलेली, तुपात बुडवलेली, बिहारकडच्या शांतीदेवीची सत्तू भरलेल्या कणकेची लिट्टी तोंडात जाताच सगळी कुरकुर थांबली. "अजून आहे का हो?" आत्यानं विचारलं. मी हिंदीत सांगितलं तशी शांतीदेवी पदर तोंडाला लावून हसत सुटली. या शहरात तिच्या हातचं कुणी असं पुन्हा मागून घेतलं नव्हतं! तेवढ्यात पाळणाघरातली एक चिमुरडी बसमध्ये चढली आणि आपली उष्टी लिट्टी तिनं हेडमास्तरांपुढे धरली. जन्मभर पोरांचे डबे तपासलेला तो माणूस विरघळला. खाली उतरला, चार लिट्ट्या खाल्ल्या आणि निघायच्या वेळी त्यालाच शोधावं लागलं. पोरांच्या घोळक्यात घोडा झाला होता. मॅनेजर काकूंना म्हणाला, "मॅडम, आता आमच्या प्रत्येक ग्रुपचं जेवण इथंच."

पाळणाघर वाचलं. बस गेल्यावर परतताना मी उत्साहात विचारलं, "काकू, आता तुम्ही कुठं फिरायला जाणार?"

काकू म्हणाल्या, "ह्यांनी काश्मीर दाखवतो म्हटलं होतं. पोस्टिंग तिथं, पण बायकोला न्यायची परवानगी नसायची. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणाले..." जिन्यापर्यंत मी त्यांचा हात धरून चालत राहिले.