नानासोंनी चढवलेलं व्होल्टेज

मोटर रिवाइंडिंगमध्ये नानासोंचा हात धरणारा शिराळ्याच्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. तेच सगळ्यांना सांगत. विहिरीवरची जळलेली मोटर ते नुसती हुंगत आणि निदान करत. निदान कायम एकच: "व्होल्टेज कमी पडलं." खोटं नव्हतं ते. उसाला पाणी पाजायला सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज ढेपाळतं, मोटर जादा करंट ओढते आणि तापून जळते. उभा जन्म हेच बघितल्यामुळे व्होल्टेज म्हणजे पैलवानाचा खुराक, जादा झालं तरी अंगी लागतं, अशी त्यांची पक्की समजूत.

त्यांची बायको विजयमाला घरीच लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करायची. भावकीतला राजवर्धन मिलिटरीत. लग्नासाठी रजेवर आलेला, आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं ड्युटीवर निघायचा होता. नवरी इथंच राहणार.

"काकी, तिकडं बर्फात नेट न्हाई. लग्नाची फिल्म तेवढी हातात द्या," म्हणाला. विजयमालानं शब्द दिला.

मग नानासोंनी मदत केली. म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघून कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरले, प्रोसेसरचा वेग वाढवला, आणि पळायचंय तर उपाशी कशाला, म्हणून व्होल्टेजही चढवलं. सढळ हातानं.

सकाळी विजयमालानं फिल्म तयार व्हायला लावली. फिल्ममधली वरात निघायच्या आतच कॉम्प्युटरचा डबा बंद. परत लावली, परत बंद.

"व्होल्टेज कमी पडतंय. आजून चढवतो," नानासो म्हणाले.

"आवं, हात लावून बघा की. तव्यागत तापलाय."

"कमी व्होल्टेजनंच तापतंय! मला शिकवती व्हय गं?"

चढवलं. या खेपेला हळदीतच राम म्हणाला. नानासोंनी डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन आणून लावला, आणि मग परसातून ओलं गोणपाट घेऊन आले. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटरीला घालतात, तसं.

विजयमाला दारात आडवी उभी राहिली. "ते आत आणलं, तर तुमालाच त्यात बांधून ठेवीन."

गोणपाट बाहेर राहिलं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "खुराक कमी पडला असता, तर चढवल्यावर जास्त टिकला असता का न्हाई? ह्यो उलट लवकर गेला."

नानासो चिडून चौकात चहाला गेले.

मशीन गार झाल्यावर तिनं वेग पहिल्यासारखा केला आणि व्होल्टेज थोडं उतरवलं. काम लावलं, पडद्यावरचं तापमान बघितलं. अजून थोडं उतरवलं. एका जागी व्होल्टेज फारच कमी होऊन पडदा गोठला. तेव्हा एक पायरी वर येऊन थांबली. आतल्या पंख्याचा आक्रोश कमी होऊन कुरकुरीवर आला. वरात निघाली, मांडवात पोचलीसुद्धा.

नानासो परतले. "काय केलंस?"

"व्होल्टेज उतरवलं."

"उतरवलं?" बायकोनं गोठ्यातली म्हैस न विचारता विकल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"मोटरीला पाणी उपसायचंच असतंय, कमी दिलं की वढून घेती. ह्याचं तसं न्हाई. गरजेपक्षा जादा द्याल, ते सगळं जाळून नुसतं तापतंय."

एवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न. राजवर्धन पाठीवर बॅग घेऊन दारात, आणि पडद्यावर अजून पाठवणी बाकी. तो आत डोकावणार तेवढ्यात नानासोंनी हात आडवा केला. "थांब गड्या. काकीला काम करू दे."

शेवटी पेनड्राइव्ह त्याच्या हातात पडला. मुठीत घट्ट धरून त्यानं दोघांच्या पाया पडून घेतलं. "नाना, तुमी होता म्हणून झालं बघा."

नानासोंनी छाती पुढं काढली. मग बायकोच्या डोळ्यांकडं बघितलं आणि हवा सोडली.

"न्हाई रं, मी नव्हतो म्हणून झालं. जा, गाडी चुकंल."