राजकन्येचं ताट

२३ जानेवारी २०२४, मंगळवार. थंडी कालच्यासारखीच. नळ आला नाही. दुपारी गुडघ्यांना तेल लावले. शेजारच्या विमलबाई आज चौथ्या दिवशीही जेवल्या नाहीत. सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. साखरेच्या गोळ्या त्यांनी बंदच ठेवायला सांगितल्या. आज रात्रीही पोटात अन्न गेले नाही तर उद्या भरती करा, म्हणाले. प्रेमला दाराशी उभी राहून ऐकत होती. 

संध्याकाळचे डायरीच्या त्या पानात मावले नाही, म्हणून वेगळे लिहिते आहे.

प्रेमला ही विमलबाईंची सून. तीही आता साठीच्या पुढे गेली. संग्रामपूरकडच्या शेतकरी घरात ती लग्न होऊन आली, तेव्हा घर माणसांनी भरलेले होते. सासरे वामनराव, दीर, मुले, सालगडी, असे सगळे जेवून उठले की विमलबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून मोठ्याने विचारायच्या, "कोन राह्यलं बे जेवाचं?" कोणी राहिलेले नाही याची खात्री झाल्यावर त्या स्वतः पानावर बसत. त्या विचारण्यात सून धरलेली नसे. ती वाढणारी. विमलबाईंना त्यांच्या सासूने असेच वागवले होते, त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे.

वामनराव गेले, शेत मक्त्याने दिले आणि विमलबाईंचा मुलगा गजेंद्र याच्या नोकरीपायी मंडळी इथे बुलढाण्याला आली. घरात माणसे तीनच उरली, पण जेवणाचा क्रम तोच राहिला. विमलबाईंचे जेवण, हात धुणे, गोळ्या, पाय चेपणे, मग गजेंद्रचे ताट, आणि शेवटी ओट्याशी उभी राहून प्रेमला. दोन वर्षांपूर्वी विमलबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि अंघोळीपासून सगळे पलंगावर आले. मागच्या पावसाळ्यात त्या दवाखान्यात होत्या. तेव्हा रात्रीमागून रात्री प्रेमला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. तेव्हापासून तिची कंबर सरळ होत नाही. भरतीचे नाव काढले तरी तिचा चेहरा उतरतो.

आणि आताचे हे न जेवणे एका मालिकेमुळे. रोज संध्याकाळी सातला परीकथेची एक मालिका लागते. सावत्र राणीने राजकन्येला काचेच्या मनोऱ्यात कोंडले आहे. शाप असा, की ती जे खायला हातात घेईल त्याचे गोटे होतील. शनिवारच्या भागात तिच्या पंचपक्वान्नाच्या ताटाचे गोटे झाले. विमलबाईंनी आपले ताट तसेच सरकवले. "पोरगी उपाशी अन् मी घास कशी घेऊ?" रविवारी मालिका नसते, तर म्हणाल्या, आज तर तिच्याकडे कोणी पाहायलाही नाही. टीव्हीखाली तिच्यासाठी एक ताट मांडायला लावले. स्वतः दिवसभरात चार घोट दूध घ्यायच्या, बस्स.

गजेंद्रने टीव्ही बंद करून पाहिला. पोरीला अंधारात टाकले म्हणून त्या रडायला लागल्या. मग मी समजावायला गेले.

"विमलबाई, ती नटी आहे हो. काम संपलं की घरी जाऊन व्यवस्थित जेवते."

"तुमी पाह्यलं का तिले जेवताना?"

"नाही, पण..."

"मंग?"

मी उठून घरी आले.

आज सातला पुन्हा गेले. आतल्या खोलीत गजेंद्र दवाखान्याची पिशवी भरत होता. चादर कुठे, थर्मास कुठे, असे दर मिनिटाला प्रेमलाला विचारत होता. मालिकेत एका पोपटाने राजकन्येला पिकलेला पेरू आणून दिला. तिने तो ओठांपर्यंत नेला आणि जाहिराती लागल्या. विमलबाई उशीवरून मान उचलून बसल्या. मलाही वाटले, आता सुटलो. जाहिराती संपल्या, आणि पेरूचा गोटा झाला.

"झालं," म्हणून विमलबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले.

प्रेमला दोन्ही हातांत दोन ताटे घेऊन उभी होती. एक तिने टीव्हीखाली ठेवले, दुसरे पलंगाशेजारच्या स्टुलावर. मग ती खाली फरशीवर बसली, टीव्हीखालचे ताट पुढे ओढले आणि जेवू लागली. त्यात काही युक्ती नव्हती. मी समोर होते, तिचा चेहरा पाहत होते. ती नुसती थकली होती.

कांदा फोडल्याचा आवाज झाला तशी विमलबाईंनी मान वळवली.

"काय करून राह्यली वं?"

"जेवून राह्यली."

"ते ताट तिचं हाय."

"ते नाई जेवत. मले भूक लागली."

"सासू चार दिसाची उपाशी अन् तू पयले जेवतं?"

"हाव."

विमलबाई माझ्याकडे वळल्या. "पाह्यलं का बाई? तुमच्या डोयासमोर!"

"पाहते आहे," मी म्हटले.

"माह्या सासूच्या आंधी मी जलमात घास नाई घेतला."

"मालूम हाय आत्याबाई," प्रेमला भरल्या तोंडाने म्हणाली. "लई डाव सांगतलं तुमी."

विमलबाई तिच्या हाताकडे पाहत राहिल्या. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"भाजी कायची हाय?"

"तुरीच्या सोल्याची."

"मीठ जास्त पडलं असन."

"खाऊन पाहा."

"पाहतो ना! आन इकडं."

प्रेमला उठली नाही. "काकू, स्टुलावरचं ताट तेवढं त्याहिले द्या," ती म्हणाली. मी दिले. विमलबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला नावे ठेवली आणि दुसरा मोडला. सुना कशा माजल्या हे सांगत सांगत त्यांनी अख्खी भाकरी संपवली आणि आणखी मागितली.

गजेंद्र थर्मास हातात घेऊन दारात आला. आईकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. "मंग दवाखाना?"

"चादर ठेवून द्या," प्रेमला म्हणाली, "अन् तुमचं ताट तुमीच वाढून घ्या."

"उद्या तिचं ताट मांडजो बरं," विमलबाईंनी बजावले.

"मांडीन. पन जेवीन मीच."

त्यावर विमलबाई काही तरी पुटपुटल्या. मला ऐकू आले नाही. प्रेमला भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून घास चावत होती. उद्या पहाटे पुन्हा शौचाचे भांडे देणे, अंग पुसणे, चादर बदलणे आहेच. मी त्यांचे दार ओढून घेऊन घरी आले, तिकडे आणखी एक फेरी झाली, आणि मग डायरीत आजच्या पानाखाली एवढेच लिहिले:

प्रेमलाकडे भाकरी कमी पडली. माझ्याकडच्या दोन पोळ्या गजेंद्रला नेऊन दिल्या.