पोकलेनखालचे ओंडके

घरासमोरचा नाला उपसताना पोकलेनची एक चेन फिरवणारी मोटर फुटली आणि मशीन काठावरच अडकलं. नवी मोटर घेऊन अस्लम मेकॅनिक आला. ऑपरेटर दत्ताने बकेट जमिनीत रेटून मशीनची ती बाजू उचलून धरली. मोटर काढायला अस्लमला खाली शिरणं भाग होतं.

"आधी ओंडके लावा," तो म्हणाला.

"बकेटने धरलंय ना? कशाला वेळ घालवतोस?" ठेकेदार खेकसला.

दत्ता खाली उतरला. "साहेब, ओंडक्यांशिवाय मी त्याला आत जाऊ देणार नाही."

आमच्या परसातले बाभळीचे ओंडके दत्ता, अस्लम आणि मी वाहून आणले, रचले. अस्लम आत शिरला. जुनी मोटर उतरली, नवी बसत आली, आणि अचानक बकेटचा दाब सुटून सगळं धूड खाली आलं. ओंडके करकरले, पण त्यांनी ते पेललं. अस्लम सरपटत बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

ठेकेदार अस्लमकडे बघून हसला. "बघ, काही झालं नाही ना! उगाच घाबरवत होतास."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गच्चीला कठडा बांधायला लावणाऱ्याला, गाडीत 'हळू चालव' म्हणणाऱ्याला नेमकं हेच ऐकवतात. काही झालं नाही, कारण कुणीतरी ते होऊ दिलं नाही. आणि ज्यानं ओंडके लावायला विरोध केला, तोच आता छाती पुढे काढून उभा!

अस्लमने हातातला पाना त्याच्यापुढे धरला.

"थोडे बोल्ट राहिलेत, साहेब. तुम्ही आवळून या."

ठेकेदार आपल्या गाडीकडे चालू लागला.