दोन नंबरांचे दोन जोड

मास्तर तिरसट, हे गल्लीत कुणालाही विचारा. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नाही. बूट शिवायचे, पण गिऱ्हाइकाला असे दटावायचे की लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं. "एकच पाय मोजा की, घाईत आहे," असं कुणी म्हणालं की संपलंच. "दुसरा काय भाड्याने आणलाय?" म्हणत ते दोन्ही पाय कागदावर ठेवायला लावत, भोवती पेन्सिल फिरवत आणि डाव्या-उजव्याचा वेगवेगळा लाकडी साचा घेऊन बसत.

हे सगळं आता 'होतं' म्हणायचं. तयार बुटांच्या दुकानांनी रस्ता भरून गेला आणि माप द्यायला येणारे पाय आटले. दुकानाची जागा गेली. घराच्या मागच्या खोलीत शिलाईचं मशीन आलं, आणि ठरलेल्या नंबरांचे तेवढे बूट शिवायचे. विकायचे कुठे, तर फोनवर. लेकीने एका साइटवर दुकान उघडून दिलं. फोटो तिचे, मजकूर तिचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलणंही तिचंच, कारण बापाला ते या जन्मात जमणारं नव्हतं. मास्तरांनी शिवायचं आणि खोक्यात भरायचं. गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, पाय तर नाहीच नाही.

त्यातही एक भामटा भेटून गेला होता. मेल्याने दोन जोड मागवले, 'पसंत नाहीत' म्हणून परत धाडले, आणि खोकी उघडली तर आत कुणाचे तरी झिजलेले, कुबट वास मारणारे बूट. साइटने त्याचंच खरं धरलं. वर मास्तरांनाच तंबी दिली, पुन्हा असं घडलं तर दुकान बंद. घर तर सगळं त्या दुकानावर चाललेलं. तेव्हापासून बापलेकीला प्रत्येक ऑर्डरीत चोर दिसायचा.

"बाबा, हे बघा जरा." लेक फोन पुढे धरूनच आत आली. "बायकांच्या बुटांचे दोन जोड. डिझाइन एकच, पण एक पाच नंबर आणि एक सात."

"मायलेकींना हवे असतील."

"मीही तसंच विचारलं. तर म्हणते, दोन्ही मलाच हवेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. खातं कालच उघडलेलं. नाव नाही, नुसती दोन अक्षरं. घासाघीस नाही, काही नाही, पैसे भरून मोकळी. वर लिहिते, कृपा करून फोन करू नका. आणि विचारते काय, तर आतली गादी सुटी निघते का!"

"गादी कशाला काढायचीय हिला?"

"खराब करून परत पाठवायला. आणखी कशाला?"

मास्तरांनी दोन्ही जोड फळीवरून काढून मशीनवर शेजारी शेजारी ठेवले. एकदम दोन जोड जाणं म्हणजे हल्ली चैनच होती. बाई खरी असली तर हातचं गिऱ्हाईक जाणार. खोटी असली तर दुकान जाणार, आणि मग या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं? ते पाच नंबरचा एक बूट उगाच हातात फिरवत राहिले. मनात काहीतरी टोचत होतं, नेमकं काय ते सापडेना. लेक दारात खोळंबली होती. त्यांच्या नाकात तो कुबट वास पुन्हा शिरला.

"कर रद्द," ते म्हणाले.

लेकीने केली. खाली निरोपाची जागा होती, ती कोरी सोडू या म्हणाली. पण गप्प बसतील तर मास्तर कसले! भामट्याला ऐकवायचं राहून गेलेलं सगळं त्यांच्या जिभेवर आलं.

"लिही. माणसाचे दोन्ही पाय एकाच मापाचे असतात. दोन मापं मागणारे लबाड आम्ही बरोबर ओळखतो. दुसरं दुकान बघा."

"बाबा, जास्त होतंय हां."

"लिही म्हणतो ना!"

निरोप गेला. मास्तरांना बरं वाटलं, अगदी छाती भरून बरं वाटलं. त्यांनी स्वतःहून लेकीला चहा टाकायला सांगितलं.

चहा कपात ओतायच्या आत उत्तर आलं. लेकीने वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला.

"माझा उजवा पाय लहानपणीच्या आजारात खुरटला. उजवा पाचचा घेते, डावा सातचा, उरलेले दोन टाकून देते. उजवा आखूडही आहे, म्हणून त्या बुटात जाड गादी घालावी लागते. दुकानात गेलं की माणसं पायाकडे बघत राहतात, आणि फोनवर हे सांगायला जीभ रेटत नाही. तुमच्या पानावर वाचलं, हाताने माप घेणारे कारागीर. वाटलं, इथे तरी कुणी का म्हणून विचारणार नाही."

मास्तरांची नजर मशीनवरच्या दोन्ही जोडांवर गेली. दोन मापांचा जोड! असे कितीतरी जोड त्यांनी स्वतःच्या हातांनी शिवले होते, आणि त्या पायांची माणसं जाताना त्यांना हात जोडून गेली होती.

"लिही तिला," ते घाईघाईने म्हणाले, "म्हणावं, मी शिवून देतो. तिच्या पायांचा एकच जोड. म्हणावं, म्हाताऱ्याची अक्कल..."

"नाही लिहिता येत. ऑर्डर रद्द झाली की आपल्याकडून निरोप जात नाही."

"मग पत्ता?"

"तोही दिसत नाही आता." लेक फोनवर बोट फिरवत राहिली, मग तिने सुस्कारा सोडला. "तक्रार नाही केली हो तिने. वाचलो आपण."

मास्तरांना तिच्या अंगावर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने ओरडणार?

"ते कारागीर वगैरे लिहिलंयस ना," ते म्हणाले, "ते काढून टाक."

"काय बाबा! गिऱ्हाईक येतं ते त्यानेच तर येतं."

ती ओळ पानावर तशीच राहिली. सकाळी ती वाचून एकाने ऑर्डर दिली, एक जोड, आठ नंबर. मास्तरांनी तो मुकाट्याने खोक्यात भरला.