घोडेवाल्यांचा दगड

आमच्या घराला गावात घोडेवाले म्हणत. दारात घोडा सोडा, शेळीसुद्धा नव्हती. पण वेशीवर शेंदराने लडबडलेला एक उभा दगड होता. त्यावर घोड्यावर बसलेला वीर आहे आणि तो आमचा मूळपुरुष, असं बाबा सांगत. शेंदराखाली चार पाय तेवढे हाताला लागत. त्या चार पायांच्या जोरावर दसऱ्याला दगडाला पहिलं सोनं वाहायचा मान आमचा. बाबा वर्षभर मिठागरात राबायचे. तो एक दिवस फेटा बांधून चालायचे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. मी गावच्या शाळेत नुकतीच बाई म्हणून लागले होते. पनवेलकडच्या गावांचा इतिहास गोळा करायला एक साहेब येणार असं कळलं आणि मला चेव चढला. बाबांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवलं. वीराची तलवार मी पदरची घातली.

तेवढ्यावर थांबले असते तर! पण पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे देवसुद्धा घासूनपुसून ठेवतात. साहेब यायच्या दिवशी सकाळी मी हंडाभर कढत पाणी आणि राख घेऊन दगड घासायला बसले. शेंदराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा थर सैल झाला आणि भाताच्या खरवडीसारखा अख्खा सुटून आला. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली ते चार पाय. आणि त्यांच्यावर दोन लांबलचक कान! वीर कुठेच नाही. त्या गाढवाच्या संगतीला एक बाई कोरली होती; पुढचं मी आजही लिहिणार नाही.

रडू यायला हवं होतं. आलं हसू, तेही असं की हंडा लवंडला. ते ऐकून बायका आल्या, मग गडी आले, शेवटी साहेबांना घेऊन बाबा आले. फेटा बांधून.

"काय वो घोडेवाले, कान जरा लांब हाय नाय तुमच्या घोड्याचा?" कुणीतरी म्हणालं आणि सगळी वेस खदखदली. बाबांचा चेहरा उतरला. मी लवंडलेला हंडा उभा केला. त्यांचा वर्षातला तो एक दिवस मी माझ्या हातांनी घासून टाकला होता.

साहेब वाकून अक्षरं लावत होते. म्हणाले, "ही शापाची शिळा. जमीन दान दिलेली आहे. जो बळकावील त्याच्यामागे हे गाढव लागेल."

"म्हंजे जमीन राखतंय?" बाबांनी विचारलं.

"शेकडो वर्षं."

बाबांनी फेटा सारखा केला. "वीर कवाच मेला आसता लढून. यो आजून उभा हाय. पोरी, लिव. गाढवच लिव."

दसऱ्याला पहिलं सोनं त्यांनीच वाहिलं. मान कुणी काढला नाही. पुढे मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी वेशीवर घर विचारलं, तेव्हा समोर नेमके बाबाच होते.

"गाढववाल्यांचं ना?" त्यांनी मिशीला पीळ दिला. "चला, आमीच ते."